बुचाच्या जागी नामदेवराव

मंगलाबाईंनी नवऱ्याला कपाट आणायला पाठवलं होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढं जे काही झालं त्यात त्यांचा एवढाच हात होता. (पुढं एका बुचाचाही प्रश्न येईल, पण ते नंतर.)

नामदेवराव सोळुंके ज्या सरकारी कंपनीत हिशेब खात्यात होते, त्या कंपनीला नव्या आर्थिक धोरणाचा वारा लागला आणि वरून हुकूम आला की फालतू खर्च बंद करा. साहेब लोकांनी इकडंतिकडं पाहिलं, आपापल्या केबिनी वगळल्या आणि स्टाफ क्लबला टाळं ठोकलं. क्लबातलं सामान कर्मचाऱ्यांसाठी विकायला निघालं. मंगलाबाईंना लोखंडी कपाट हवंच होतं. "आरशाचं बघा," त्यांनी बजावलं, "आणि जल्दी जावा. तुम्ही पोचेस्तोवर लोक भिंतीतले खिळेसुद्धा उपटून नेतील."

नामदेवराव वाटेत इराणी चहाला थांबले. ते पोचले तेव्हा कपाटं गेली होती, कॅरम गेले होते, टेबल टेनिसची जाळीसुद्धा कुणीतरी भाजीच्या पिशवीसाठी नेली होती. मागच्या अंगणात उरली होती एक नाव. फायबरची, पांढरी, चिमुकली, दोन चाकांच्या ट्रेलरवर ऐटीत बसलेली. कधीकाळी एका हौशी साहेबांनी ती मागवली, साहेबांची बदली झाली, आणि नावेनं आजवर पावसाखेरीज पाणी पाहिलं नव्हतं.

एरवी नामदेवराव तिच्याकडे बघून परत फिरले असते. पण त्या वर्षी हैदराबादच्या बरकतपुऱ्यात, त्यांच्या वस्तीत, घरोघर केबल आली होती, आणि दर रविवारी सकाळी एका इंग्रजी चॅनलवर एक लालबुंद गोरा गृहस्थ गाडीमागे अशीच नाव बांधून तळ्यावर जायचा, गळ टाकायचा, हाताएवढा मासा काढायचा, त्याचा मुका घ्यायचा आणि त्याला परत पाण्यात सोडून द्यायचा. ("सोडायचाच तर धरतो कशाला?" मंगलाबाई विचारायच्या. "मेल्याला घरी काम नाही वाटतं.") त्या गोऱ्याचं इंग्रजी नामदेवरावांना निम्मंच कळायचं, पण उपदेश मात्र सगळा पाठ झाला होता. शिवाय दारात नवीकोरी मारुती उभी होती. गाडी आहे, नाव आहे, तळी तर शहराभोवती हवी तेवढी. मग अडलंय कुठं?

संध्याकाळी ते घरी आले. मंगलाबाई बाहेर येऊन बघतच राहिल्या.

"कपाट?"

"संपली कपाटं. ही बघ काय आणलीय!"

मंगलाबाईंनी नावेला एक फेरी मारली. "ह्याला आरसा कुठाय?" त्यांनी विचारलं.

गल्ली अरुंद. नाव ठेवायला जागा नव्हती. नावं ठेवायला मात्र अख्खी गल्ली मोकळी झाली. "साब, मोटर के पिच्छे डोंगी कायकू?" कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं विचारलं. "नल को पानी नै आता, आप समंदर कां से लायिंगे?" नामदेवराव हसून म्हणायचे, "देखते जाओ मियाँ." पण जायला काही मुहूर्त लागेना. उन्हाळ्यात मंगलाबाईंनी नावेत कुरडया वाळवल्या. झकास वाळल्या. नंतर त्यांनी नाव धुऊन पुसून ठेवली, आणि ती नामदेवरावांपेक्षा त्यांनाच जास्त कामाला येते असं गल्लीचं मत पडलं.

अशात रेणूचं प्रकरण निघालं.

रेणू ही त्यांची एकुलती मुलगी. अमीरपेटला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलेली. तिथंच पुण्याचा हर्षद नावाचा मुलगा होता. दोघांचं जमलं, आणि रेणूनं ते आईला फोडणी देताना सांगितलं, त्यामुळं त्या दिवशी आमटी करपली. पण मंगलाबाईंची हरकत नव्हती, नामदेवरावांची तर नव्हतीच. प्रश्न होता हर्षदच्या वडिलांचा. अरविंदराव निवृत्त इंजिनियर. मितभाषी. एवढे मितभाषी की हर्षदनं लग्नाचं विचारलं तेव्हा ते "बघू" म्हणाले, आणि तेवढ्यानं त्याची आई सुजाताबाई थक्क झाल्या.

बघायला म्हणून ती दोघं पुण्याहून आली. अरविंदरावांनी पोहे खाल्ले, चहा प्याला. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं, बोलले काही नाहीत. नामदेवरावांनी हैदराबादची हवा, पुण्याची हवा आणि दोन्हींमधला फरक असे तिन्ही विषय एकट्यानं संपवले. रेणू स्वयंपाकघराच्या दारातून वडिलांना डोळ्यांनी खुणावत होती, बाबा, प्लीज, कमी बोला. निघताना अरविंदराव अंगणात थबकले.

"मासेमारी?" त्यांनी विचारलं.

"हो तर!" नामदेवराव म्हणाले. "जुनी हौस!" (नाव पाण्यात न उतरवलेल्या माणसाची ही जुनी हौस.)

"मलाही आवड आहे," अरविंदराव म्हणाले.

आवड आहे! आख्ख्या भेटीतलं एवढं मोठं वाक्य! सुजाताबाईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. नामदेवरावांना लग्नाचा मांडवच दिसायला लागला. "मग रविवारी जाऊ या की!" ते बोलून गेले.

रात्री रेणू त्यांच्याशेजारी येऊन बसली. "बाबा, तुम्हाला येतं ना हे सगळं?"

"अगं, येतं म्हणजे? सगळं पाठ आहे."

"पाठ नको. येतं का?"

नामदेवराव तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "तुझ्यासाठी येईल."

रविवारी सकाळी त्यांनी गोऱ्याचा उपदेश तंतोतंत पाळला. ट्रेलरच्या चाकात हवा भरली. नाव दोरानं आवळली आणि दोर हलवून पाहिला. कुठं चाललोय ते शेजारच्या अनिलरावांना सांगून ठेवलं. ("अंधार पडेपर्यंत आलो नाही तर शोधायला या." अनिलराव म्हणाले, "बिर्याणी आणणार असलात तर येतो.") गळ घेतले, वल्ही घेतली, गळाला लावायला मंगलाबाईंकडून डब्यात कणकेचा गोळा घेतला. नावेसोबत मिळालेली नारिंगी जाकिटं घेतली. त्यातलं एक लहान मुलाचं निघालं. पाहुण्याला मोठं द्यायचं म्हणून नामदेवरावांनी लहान ठेवून घेतलं. ते घातल्यावर त्यांचे हात आपोआप वर उठायचे आणि कुणी आलं की मिठी मारायला निघालेत असं वाटायचं.

तलाव शहराच्या दक्षिणेला, खडकांच्या टेकड्यांमध्ये. काठावर म्हशी, धोबी, निळंशार पाणी. सगळ्यांचे चेहरे खुलले. सुजाताबाई आणि मंगलाबाईंनी झाडाखाली सतरंजी टाकली, डबे उघडले. आता गाडी उलटी घेऊन ट्रेलर पाण्यात उतरवायचा होता.

स्टिअरिंग फिरवावं त्याच्या उलट ट्रेलर जातो, हे नामदेवरावांना माहीत होतं. पण मागं वळून बघताना डावं-उजवंही उलटं झालं. आता उलट्याचं उलट म्हणजे सरळ की काय, हा हिशेब चालत्या गाडीत सुटेना. ट्रेलर आधी म्हशींकडे गेला, मग धोब्याच्या कपड्यांकडे, मग सतरंजीकडे. मंगलाबाईंनी डबा उचलून पळ काढला. "मेल्लिगा, मेल्लिगा!" म्हशीवाला हळू म्हणून ओरडत होता. "इदर काटो! अरे, उदर नक्को!" धोबी ओरडत होता. शेवटी गाडीचं तोंड तलावाकडे आणि नावेचं हैदराबादकडे झालं.

"बाबा, उतरा," रेणू म्हणाली. ती स्टिअरिंगशी बसली, एकदा पुढं, एकदा मागं, आणि ट्रेलर शहाण्यासारखा पाण्यात उतरला. हर्षदनं शीळ घातली. अरविंदरावांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

दोघे वडील नावेत बसले. "वजन मधोमध ठेवायचं," नामदेवरावांनी शिकवायला सुरुवात केली. "नावेत उभं राहायचं नाही. कितीही मोठा मासा लागला तरी बसूनच ओढायचा." अरविंदराव मान डोलवत होते. हर्षदनं ढकललं, मागून वारा आला, आणि नाव डौलात तलावाच्या मध्यावर गेली. सगळं कसं टीव्हीतल्यासारखं! नामदेवरावांचा ऊर भरून आला. (जाकिटात त्याला भरून यायला जागा नव्हती, तरी आला.)

"लावा गळ," ते म्हणाले.

"छे, छे. तुम्ही आधी," अरविंदराव म्हणाले.

"तुम्ही पाहुणे."

"तुम्ही यजमान."

दोघांनी एकेक गळ हातात घेतला आणि दोघेही आकाशाकडे बघू लागले. दुसरा कणीक कशी लावतो ते बघून आपण लावू, असा दोघांचाही बेत होता. एक बगळा येऊन मासा घेऊन गेला.

"नावेत पाणी आहे," थोड्या वेळानं अरविंदराव म्हणाले.

"थोडं असतंच," नामदेवराव अनुभवी आवाजात म्हणाले.

"किती?"

"तळपाय भिजेल इतकं तर नेहमीचं."

"आणि घोटा बुडेल इतकं?"

नामदेवरावांनी खाली पाहिलं. घोटे दिसत नव्हते. मागच्या फळीत, तळाशी, एका गोल भोकातून पाणी आत यायला लागलं होतं. झऱ्यासारखं, अगदी प्रसन्न. तिथं बूच हवं होतं. गोरा दर रविवारी सांगायचा, बूच बघा, बूच बघा. पण तो 'प्लग' म्हणायचा, आणि नामदेवरावांना वाटायचं तो इंजिनाबद्दल बोलतोय. आपल्या नावेला इंजिन नाही म्हणून ते तेवढ्यात दाढी उरकून घ्यायचे.

ते काठाकडे वळून ओरडले, "मंगला! बूच कुठाय?"

"बूट?" काठावरून आवाज आला. "पायातच आहेत की तुमच्या!"

"बूट नव्हे! बूच! नावेच्या भोकाचं!"

"अगोबाई, ते होय!" मंगलाबाई उठून उभ्या राहिल्या. "ते न्हाणीघरातल्या पिंपाला लावलंय! पिंप गळत नव्हतं का? नाव धुताना सापडलं. अगदी फिट्ट बसलं बघा!" आणि त्या सुजाताबाईंना अभिमानानं सांगू लागल्या, "आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं हो. थेंब वाया जाऊ देत नाही मी."

"अहो, पण यांना पोहता येत नाही!" सुजाताबाई किंचाळल्या. "आणि मासेमारी कसली? घरी माशाचं कालवण केलं तरी काटे मी काढून देते!"

हे दोन्ही पाण्यावरून अगदी स्वच्छ ऐकू आलं. नामदेवरावांनी अरविंदरावांकडे पाहिलं. अरविंदराव कानापर्यंत लाल झाले होते.

"मला बोलायला सुचत नाही," ते म्हणाले. "कुणाच्या घरी गेलो की घशात काहीतरी अडकतं. नाव दिसली, वाटलं, चला, निदान हे तरी बोलावं. हर्षदला मुलगी फार आवडलीय हो."

"मीसुद्धा आयुष्यात मासा धरला नाही," नामदेवराव म्हणाले. "टीव्हीवर बघितलं. म्हटलं, तुम्हाला आवडतंय तर रेणूचं जमेल."

आधी नामदेवराव हसले, मग अरविंदराव. घशातलं जे काही अडकलं होतं ते त्या हसण्यात बाहेर पडलं असावं, कारण त्यानंतर अरविंदराव थांबलेच नाहीत.

"कणीक! कणीक लावा भोकाला! दाबा! रुमाल घ्या! मी डब्यानं पाणी उपसतो!" कणीक दाबली, सुटली. रुमाल कोंबला, गेला. शेवटी नामदेवरावांनी बूट काढला, पायाच्या अंगठ्याला उरलेली कणीक थापली आणि अंगठा भोकात घातला. पाणी थांबलं.

"वा! काय इंजिनियरिंग आहे!" अरविंदराव ओरडले. त्यांनी पाणी उपसलं आणि वल्ही हाती घेतली. एकाच बाजूनं जोर लागत असल्यानं नाव गोल फिरू लागली. काठावरच्यांना कधी नामदेवरावांचा चेहरा दिसायचा, कधी अरविंदरावांचा. दोघेही हसत होते, म्हणून सगळं ठीक आहे असं समजून मंगलाबाईंनी पोळ्या वाढायला घेतल्या.

आणि नेमकं तेव्हाच नावेखालच्या एका माशाला कणकेचा वास लागला. त्यानं कणीक खाल्ली. बरी लागली असावी. मग त्यानं कणकेच्या आतला पदार्थ चाखला.

नामदेवरावांनी फोडलेली आरोळी ऐकून म्हशी पाण्याबाहेर आल्या.

"लागला! लागला!" अरविंदराव आनंदानं ओरडले. "ओढा! बसूनच ओढा!"

"मी नाही धरला! त्यानं धरलंय!" नामदेवराव म्हणाले. त्यांनी पाय मागं खेचला. मासा सुटला, अंगठा नाही. तो बघता बघता टरारून सुजला आणि भोकात घट्ट बसला. हर्षद आणि धोबी छातीएवढ्या पाण्यात उतरून नाव ओढत काठाला घेऊन आले. सगळ्यांनी मागच्या बाजूनं पाहिलं. पांढऱ्या नावेच्या पाठीतून एक लालभडक अंगठा बाहेर डोकावत होता.

"तेल लावा," सुजाताबाई म्हणाल्या. तेल फक्त लोणच्याचं होतं. मंगलाबाईंनी ते सढळ हातानं लावलं. चावलेल्या अंगठ्याला मिरचीचं तेल! नामदेवरावांनी जी दुसरी आरोळी फोडली तिच्यापुढं पहिली म्हणजे आलाप होता. म्हशी या वेळी गावाकडेच निघाल्या.

शेवटी ठरलं की नामदेवरावांना नावेसकट शहरात न्यायचं. सगळ्यांनी मिळून नाव ट्रेलरवर चढवली. रेणू स्टिअरिंगशी बसली. अरविंदरावांना पुढची जागा दिली, ती त्यांनी साफ नाकारली. "सोळुंक्यांना एकटं सोडणार नाही," म्हणाले, आणि हातात वल्हं उभं धरून नावेत येऊन बसले.

आता ते दिवस विधानसभेच्या निवडणुकीचे. रस्तोरस्ती प्रचाराच्या गाड्या, फलक, भोंगे. त्यात एका मारुतीमागून पांढरी नाव आली. नावेत नारिंगी जाकीट घातलेला, दोन्ही हात फैलावलेला माणूस, आणि शेजारी सोटा घेतलेला गंभीर इसम. लोकांना आणखी काय वाटणार? अफजलगंजला कुणीतरी हात जोडले. नामदेवरावांनीही सवयीनं जोडले. झालं! "किसका जुलूस है रे?" "डोंगी निशान वाले!" पोरं मागं धावू लागली, एका स्कूटरवाल्यानं हॉर्नचा ताल धरला. चौकातल्या पोलिसानं बाकीची वाहनं अडवून वाट करून दिली. एका म्हाताऱ्या बाईला हे कुणी महाराज वाटले. तिनं मागून अंगठ्याला हात लावून तो कपाळाला टेकवला, आणि लोणच्याचं तेल डोळ्यात जाऊन ती भक्तिभावानं रडू लागली.

मंगलाबाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "हात जोडू नका!" त्या भर बाजारात ओरडल्या. "गप बसा! अंगठा सांभाळा!"

"जी, हौ," नामदेवराव नावेतून म्हणाले.

"एवढी मजा मला निवृत्तीनंतर आली नव्हती," अरविंदराव म्हणाले. (निवृत्तीआधीही आली नसावी.)

गौलीगुड्यात बस स्टँडजवळ एक सरबतवाला बर्फाची लादी घेऊन बसला होता. रेणूनं तिथं गाडी उभी केली. हर्षद नावेमागे उकिडवा बसला आणि भावी सासऱ्याचा अंगठा बर्फानं शेकू लागला. गर्दी जमली. सूज उतरली, आणि शेवटी बाटली उघडावी तसा आवाज होऊन अंगठा मोकळा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अरविंदराव नावेत उभे राहिले. (उभं राहायचं नाही, हे आता कुणाच्याच ध्यानात नव्हतं.) "सुजाता, आपलं ठरलं!" ते म्हणाले. "मुलगी ट्रेलर मागं घेते. आई पिंप गळू देत नाही. आणि बाप मुलीसाठी पाय भोकात घालतो. अशी माणसं पुण्यात कुठं शोधणार?"

रेणू रडली, हसली आणि वडिलांच्या गळ्यात पडली. पेढे नव्हते, म्हणून सगळ्यांनी बर्फाचे गोळे खाऊन तोंड गोड केलं. (दुसऱ्या लादीचे. मंगलाबाईंनी जातीनं बघून घेतलं.)

निवडणुका झाल्या, निकाल लागले, लग्नाची तारीख निघाली. नामदेवराव आणि मंगलाबाई सुलतान बाजारात बस्ता बांधायला गेले. साड्यांचे ढीग उपसताना म्हातारा दुकानदार नामदेवरावांकडे सारखा निरखून बघत होता. मग त्यानं हात जोडले.

"साब, आप वोइच ना? डोंगी वाले?"

दुकानभर बायका वळून बघायला लागल्या. नामदेवरावांची मान ताठ झाली. "हौ," ते म्हणाले.

"भोत ढूंडा साब मैं, पर्ची पे डोंगी का निशान कइंच नै दिखा. जीते क्या आप?"

खरं सांगायची संधी होती. पण एवढ्या बायकांसमोर अंगठ्याची कथा कोण सांगणार? नामदेवरावांनी मोठ्या मनानं पराभव स्वीकारला. "नै मियाँ. थोडे से रह गये."

"अच्छाच हुआ साब," दुकानदार साडीची घडी घालत म्हणाला. "बेगम सामने मोटर में बैठ के डाँटरे थे, आप पिच्छे डोंगी में जी हौ, जी हौ बोलरे थे. जिसकी घर में नै चलती, उसकी असेंबली में क्या चलिंगी?"

मंगलाबाईंनी, दुकानदार माणसं ओळखणारा दिसतो म्हणून, त्याच्याकडून आणखी एक साडी घेतली.